गव्हाचं कुसळ

मार्चमधला सोमवार, ओपीडी भरलेली. या दिवसांत आमच्या नगर जिल्ह्यात गव्हाची मळणी चालते, आणि नेत्रविभागाच्या बाकावर रुमालाने डोळा झाकलेली माणसं वाढतात. चोवीस वर्षं मी इथे परिचारिका आहे. केसपेपर लावून कोणाला आधी आत पाठवायचं, ते मी ठरवते.

साडेनऊला तो आला. "सलाम, ताई," म्हणाला. आम्हा ख्रिस्ती लोकांत एकमेकांना सलामच करतात, आणि तो परत द्यायचा असतो. मी नुसती मान हलवली.

तो आमच्याच मंडळीतला, म्हणजे आमच्याच चर्चचा. दोन वर्षांपूर्वी दारूच्या तक्रारीवरून मंडळीच्या पंचांनी त्याला प्रभुभोजनापासून, म्हणजे चर्चमधल्या भाकर-द्राक्षारसाच्या विधीपासून, दूर ठेवलं होतं. त्या पंचांत मी होते. त्या बैठकीत पाळकसाहेबांनी इजिप्तच्या वाळवंटातल्या मोशे नावाच्या संन्याशाची गोष्ट सांगितली होती. हा आधीचा दरोडेखोर, चौथ्या शतकातला. एका बंधूच्या चुकीचा न्याय करायला सगळे जमले, तेव्हा तो पाण्याने भरलेलं गळकं मडकं घेऊन आला. लोकांनी विचारलं, हे काय? तर म्हणाला, माझी पापं अशीच माझ्यामागे गळत चालली आहेत, ती मला दिसत नाहीत, आणि आज मी दुसऱ्याचा न्याय करायला आलोय. त्या लोकांनी बंधूला क्षमा केली. आम्हीही गोष्ट मन लावून ऐकली, आणि मग हात वर केले. माझा हात पहिला होता.

त्या सोमवारी त्याच्या तोंडाला वास येत होता, डोळा लालभडक होता. मी त्याचा केसपेपर गठ्ठ्याच्या तळाशी सरकवला. डोळा कधीपासून दुखतोय, डोळ्यात काय गेलं, दिसतं किती, हे तीन प्रश्न मी लहान मुलाच्या आईलासुद्धा विचारते. त्याला एकही विचारला नाही. दारूने लाल होतात ते दोन्ही डोळे. त्याचा एकच लाल होता. एवढ्या वर्षांच्या माझ्या नजरेला ते बाकाजवळून जाताजाता कळायला हवं होतं. पण मी पाहिलंच नाही, कारण माझं आधीच ठरलं होतं.

सव्वाअकराला तो आत गेला. डॉक्टर मॅडमनी भूल देणारा थेंब टाकला, जखम रंगवून दाखवणारी फ्लोरेसिनची पट्टी टेकवली आणि स्लिट लॅम्पचा, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या यंत्राचा, निळा प्रकाश लावला. मला म्हणाल्या, "सिस्टर, हे बघा." बुबुळावर हिरवे उभे ओरखडे होते, मांजरानं नख ओढल्यासारखे. त्यांच्याखाली एक करडा डाग होता, कडा पिसासारख्या विस्कटलेल्या. ओरखडे असे उभे असले की जे टोचतंय ते बुबुळावर नसतं, वरच्या पापणीच्या आतल्या बाजूला लपलेलं असतं. पापणी मिटली, उघडली, की दर वेळी घासतं. मॅडमनी पापणी उलटवली. आत गव्हाचं कुसळ रुतलं होतं. नखाच्या कडेएवढा तुकडा.

पाच दिवस तो ते डोळ्यात घेऊन फिरला. दुकानातून आणलेले थेंब टाकत होता, आणि त्यांत स्टेरॉइड होतं. शेतातल्या काडीकचऱ्याने झालेल्या जखमेत बुरशी धरते, आणि स्टेरॉइडने ती फोफावते. जखम खरवडून नमुना तपासला, बुरशीच निघाली.

"दोन रात्री झोप नाही, ताई. काल घेतली थोडी," तो आपणहून म्हणाला. म्हणजे वास खराच होता. मी त्याच्याबद्दल जे ताडलं होतं ते खोटं नव्हतं, आणि हेच मला जास्त लागलं. दीड-पावणेदोन तासांनी फारसा फरक पडला नसता, असं मॅडम नंतर म्हणाल्या. त्यानं मला हलकं वाटलं नाही.

बायबलात मत्तयाच्या सातव्या अध्यायात प्रभू म्हणतो, दोष काढू नका. आणि चारच ओव्यांनंतर भावाच्या डोळ्यातलं कुसळ काढायचं सांगतो, मात्र आधी स्वतःच्या डोळ्यातलं मुसळ काढून. दोन्हीकडे शब्द 'काढणे' हाच. मी लहानपणापासून हे पाठ म्हणत आले. त्या दिवशी मॅडमचा हात पाहिला. कुसळ काढताना करंगळी त्याच्या गालावर टेकलेली, हात हलू नये म्हणून. चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर. दारूचा वास त्यांनाही आलाच असणार. लांबून, बाकाच्या पलीकडून कुसळ निघत नाही. पंचांच्या टेबलावरून आम्ही त्याला कधी विचारलं होतं का, की घरी काय चाललंय, किती दुखतंय? नव्हतं विचारलं. इथे रोज माणसाला विचारल्याशिवाय मी पुढे जात नाही, आणि मंडळीत मात्र विचारायची गरज वाटली नव्हती.

त्याला दाखल करून घेतलं. बुरशीवरचे नाटामायसिनचे थेंब, दर तासाला. पहिला थेंब टाकताना मी सांगितलं, "भाऊ, मी तुम्हाला मुद्दाम बसवून ठेवलं. वासामुळे. मला माफ करा."

तो वर छताकडे बघत होता, थेंबासाठी. म्हणाला, "आधी थेंब पडू द्या, ताई. डोळा मिटतोय."

मी करंगळी त्याच्या गालावर टेकवली आणि थेंब टाकला. बाराची घंटा वाजत होती. पुढचा एक वाजता होता. मी एकला पाच मिनिटं कमी असतानाच त्याच्या खाटेपाशी गेले आणि आधी सलाम केला.