बडोद्यात दोन महिने: पोळ, दादर आणि दोढसो रुपये

"बडोदा म्हणजे आपलंच हो, तिथे सगळे मराठी बोलतात" असं निघायच्या आधी सहा जणांनी सांगितलं, त्यातले पाच जण बडोद्यात एक रात्रसुद्धा राहिलेले नाहीत हे नंतर कळलं. नवऱ्याचं काम लॅपटॉपवर, माझंही तसंच, म्हणून डिसेंबर-जानेवारी सांगली सोडून बडोद्यात राहून बघू असं ठरलं. फिरायला नाही, राहायला. भाजी आणायची, दूध लावायचं, शेजाऱ्यांशी बोलायचं.

पहिली चूक स्टेशनावरच. आम्ही अलकापुरीच्या बाजूने बाहेर पडलो. जुनं शहर दुसऱ्या बाजूला, म्हणजे सयाजीगंजकडे, आणि मग गरनाळ्यातून (रेल्वेखालचा बोगदा, तिथे हाच शब्द) वळसा घालून ट्रॅफिकमध्ये बसा. त्यात रिक्षावाला म्हणाला "दोढसो". मला दोनशे ऐकू आलं. दोनशे दिले, त्याने खिशात घातले आणि गेला. दोढसो म्हणजे दीडशे. आणि दीडशे पण जास्तच होते, कारण सयाजीगंजच्या बाजूने निघालं तर रावपुरा (आम्हाला जायचं होतं तो भाग) जेमतेम दोन-अडीच किलोमीटर, काळा घोडा, कोठी असं सरळ, आम्ही नंतर कितीतरी वेळा चालत गेलो. तेव्हा आकडे पाठ करून जा. बे म्हणजे दोन हे पाढ्यांमुळे येतंच, त्रण म्हणजे तीन, अढी म्हणजे अडीच. दोढ मात्र लिहून ठेवा.

आता घर. जाहिरातीत "हेरिटेज पोळीत वन रूम किचन, प्रायव्हेट, हवेशीर". पोळ म्हणजे आपला वाड्यांचा बोळ समजा, दोन्ही बाजूला लाकडी खांबांची घरं, मध्ये स्कूटर जाईल एवढी वाट आणि त्या वाटेत गाय बसलेली. रिक्षा तोंडाशीच थांबते. तिथून दोन मोठ्या बॅगा, एक मिक्सर, कुकर (हो, मी कुकर नेला होता) असं सगळं फरशीवरून खडखडत ओढत नेलं. ते ठीक. नंतर दादर, म्हणजे जिना.

मी गड चढलेली बाई आहे, सज्जनगड-अजिंक्यतारा काही वाटत नाही मला, पण हा दादर वेगळाच प्रकार होता. जवळजवळ उभा, पायरी अर्ध्या पावलाची, कठडा नाहीच, वरून एक जाड दोर लोंबतोय तो धरायचा, आणि असे तीन मजले. सातव्या पायरीवर तुळई. पहिल्या आठवड्यात नवऱ्याने ती चार वेळा डोक्याने मोजली. भाड्यावर वाद नाही, वाद हा की जाहिरातीच्या अकरा फोटोंत दादराचा एकही फोटो नव्हता. म्हणून सांगते, घर फोनवर ठरवत असाल तर आधी जिन्याचा व्हिडिओ मागा. बाकी काही मागितलं नाही तरी चालेल. गुडघे दुखत असतील तर पोळीत राहूच नका, पोळ फक्त बघायला जा. पाणी यायची वेळ विचारा, अंडी चालतात का तेही विचारा, आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं की नाही चालत.

मराठीचं म्हणाल तर रावपुरा, दांडिया बाजार इकडे जुनी मराठी घरं आहेत, काका-काकू मंडळी मस्त बोलतात, पण दुकानात गुजरातीच. पाट्या वाचायला शिकायला दोन दिवस पुरतात, शिरोरेषा काढून टाकली की अर्धी अक्षरं आपलीच, फक्त क, ज, ब, फ असली थोडी वेगळी आहेत ती घोकायची. भाजी मागितली तर मेथी-पालक दाखवतात कारण भाजी म्हणजे पालेभाजी, बाकीचं सगळं शाक. खंडेराव मार्केटला संध्याकाळी उशिरा जा, स्वस्त पडतं. सेव उसळीला मिसळ म्हणू नका, त्यांना आवडत नाही आणि ती मिसळ नाहीच, पांढऱ्या वाटाण्याची असते, तरी वेगळी देतात, ती जपून घाला. वरण मात्र सगळीकडे गोड, सवय होत नाही, माझी तरी झाली नाही.

कमाटी बाग, सुरसागर, राजवाडा वगैरे बघितलं, छान आहे. मांडवीजवळची सेंट्रल लायब्ररी चुकवू नका. सयाजीरावांनी 1910 मध्ये बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून हा सगळा कारभार उभा केला, आणि आत मराठी पुस्तकं आहेत, मी तीन दुपारी तिथेच काढल्या.

उत्तरायणासाठीच (संक्रांतीचा पतंगांचा सण) जानेवारी धरला होता. आणि 12 तारखेला मालक म्हणतो, 14 आणि 15 ला गच्ची त्याच्या पाहुण्यांना. करारात गच्ची लिहिलेली नाही म्हणे. खरंच नव्हती. तर ते लिहून घ्या, जानेवारीत तर नक्कीच. 14 ला सकाळी तोंड पाडून खिडकीत बसले होते, तर पलीकडच्या घरातल्या काकूंनी हाक मारली, "अगं तिथे काय बसलीस, पतंग चगवायला (उडवायला) ये की!" त्यांचा दादर आमच्यापेक्षा वाईट, पण त्या दिवशी मी तो कशी चढले मला आठवत नाही. वर आकाश दिसत नव्हतं एवढे पतंग, सगळ्या गच्च्यांवर स्पीकर, फिरकी धरून धरून बोटं कापलेली, उंधियू-जिलबी, चिक्की, आणि दर दोन मिनिटांनी कुठूनतरी "लपेट!" अशी आरोळी. दुसऱ्या दिवशी वासी उत्तरायण, परत तेच. या दोन दिवसांसाठी दादर, दोढसो, गोड वरण सगळं माफ. स्कूटर घेतलीत तर मात्र हँडलला मांजा अडवणारी तार लावून घ्या, गळ्याला जाड रुमाल गुंडाळा, हे चेष्टेवारी नेऊ नका.

31 ला निघताना बॅगा उचलून मी दादराशी उभी, आता परत तीन मजले, तर काकू खालून ओरडल्या, "खिडकीतून दोरीने सोडा की! आम्ही गव्हाची पोती पण तशीच चढवतो." पाच मिनिटांत सगळं खाली, कुकरसकट. आल्या दिवशी कुणी बोललं नाही हे. तुम्ही पोचल्या पोचल्या शेजारी दोरी मागा.