आमची वाटचाल : लेथ, नेट ब्लॉक आणि शेजारचा शेड

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, ज्यांची उठबस आहे त्यांना आमचा शेड कुठला हे सांगावं लागत नाही. पंपाचे शाफ्ट (फिरते दांडे) आणि स्लीव्ह (त्यांवरच्या नळ्या), मापातली चूक वीस मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या वीस हजारांश भागांच्या, आत, आणि माल परत आला तर भाडं आमचं. वडील कलाभवनात शिकले. सयाजीराव महाराजांनी १८९० साली ते काढलं आणि बडोद्याच्या कितीतरी मराठी घरांना नोकरीऐवजी खरादकामाचा, म्हणजे लेथवर धातू कातण्याचा, नाद लावला, त्यांतलं आमचं एक. दांडिया बाजारातल्या वाड्याच्या ओसरीवर सुरू झालेलं काम पुढे भागीदारी, मग प्रायव्हेट लिमिटेड, अशा पायऱ्यांनी इथवर आलं.

पहिला मोठा लेथ एचएमटीचा, एनएच-२२. तो वडिलांचे भागीदार मिस्त्री यांनी बसवला. पाया खणण्यापासून लेव्हल काढेपर्यंत दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. पुढे लेथचा बेड, म्हणजे खालचा सपाट पाया, झिजला तेव्हा त्यांनी तो हातानं स्क्रेप केला. मास्टरला, म्हणजे अचूक सपाट नमुना-पट्टीला, निळा रंग लावायचा, तो बेडवर फिरवायचा, जिथे डाग उमटेल तिथला कणभर धातू स्क्रेपरनं काढायचा, परत रंग. संध्याकाळी मापाची डायल लावून बघायचे आणि मान हलवून घरी जायचे. महिनाभर लेथ बंद, वडिलांचा जीव वर-खाली. पण तो लेथ आजही शाफ्टला टेपर देत नाही, म्हणजे शाफ्ट एका टोकाला निमुळता होत नाही.

मधली वर्षं बरी गेली.

२०१२ साली आमच्या सर्वांत मोठ्या ग्राहकानं पैसे अडकवले. बिलं पास, चेक नाही. सीसी, म्हणजे बँकेची कॅश क्रेडिटची उचल, तुडुंब, लोखंडवाला उधार देईना. ज्या नव्या ऑर्डरी दारात होत्या त्यांना सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, हवं होतं. आम्ही टर्म लोन, म्हणजे मुदतीचं कर्ज, मागायला गेलो. बँकेतल्या साहेबांनी ताळेबंद उलटा धरल्यासारखा वाचला आणि म्हणाले, ‘तुमच्याकडे आहेच काय? नेट ब्लॉक एवढासा!’ त्याच आठवड्यात शेजारच्या शेडला त्याच टेबलावरून कर्ज मंजूर झालं. का, तर त्यांच्या ताळेबंदात स्थिर मालमत्ता भरघोस.

आता हे नीट सांगतो, कारण आजही तरुण पोरं याच आकड्याला भुलतात. नेट ब्लॉक म्हणजे यंत्राची किंमत नव्हे. खरेदीचा खर्च हा ग्रॉस ब्लॉक, त्यातून आजवरचा घसारा, म्हणजे झिजेपोटी दरवर्षी कमी धरलेली किंमत, वजा, उरलं ते नेट. आयकराच्या हिशोबानं साध्या यंत्राला १५ टक्के, तोही दरवर्षी उरलेल्या रकमेवर. २००५-०६ पूर्वी तो २५ होता. १५ नंच धरा. १ लाखाचं यंत्र १० वर्षांनी या हिशोबात १९,६८७ चं, २० वर्षांनी ३,८७६ चं. आमचा लेथ कागदावर जवळजवळ शून्य होता आणि रोज दोन पाळ्या चालत होता. जागेचंही तसंच. जीआयडीसीचा प्लॉट भाडेपट्ट्याचा, ९९ वर्षांचा. प्रीमियम, म्हणजे पट्टा घेताना भरलेली रक्कम, जुन्या भावाचा, त्यातूनही दरवर्षी थोडा कापला जातो. स्वतःच्या मालकीच्या जमिनीला घसारा नसतो, पण तीही पुस्तकात जुन्या भावानंच पडून असते.

आणि शेजाऱ्यांचा आकडा कशानं फुगला होता? एक, त्यांनी जागेचं पुनर्मूल्यांकन करून घेतलं होतं. त्यात बेकायदा काही नाही. पण ती वाढ नफ्यात येत नाही, वेगळ्या राखीव निधीत जाते, आणि कंपनी कायद्यानं नेटवर्थ, म्हणजे कंपनीचं स्वतःचं निव्वळ भांडवल, मोजताना तो निधी धरतच नाहीत. दोन, अर्धवट शेड ‘कॅपिटल वर्क इन प्रोग्रेस’ म्हणून वर्षानुवर्षं तसाच दाखवलेला. पत्रे नाहीत, पाण्याची टाकी नाही, पण मालमत्तेत उभा! हल्ली, २०२१-२२ पासून, असं काम किती वर्षं रखडलंय त्याचा तक्ता ताळेबंदाच्या टिपांमध्ये द्यावाच लागतो. तेव्हा तो असता तर साहेबांचे डोळे उघडले असते. कदाचित नसतेही.

आम्हाला तारलं ते शेठनी. वीस वर्षांचे ग्राहक, पंपवाले. मी ताळेबंदाची झेरॉक्स घेऊन गेलो होतो, ती त्यांनी बाजूला सारली आणि एवढंच विचारलं, ‘मशीन तो चाले छे ने?’ दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आले, चालत्या शाफ्टचं मायक्रोमीटरनं स्वतः माप घेतलं. मग म्हणाले, मटेरियल माझं, तुम्ही फक्त मजुरी लावा. लोखंडात पैसा अडकणं थांबलं आणि पगार निघाले. शेठनीच चार्टर्ड इंजिनिअरकडून यंत्रांचा मूल्यांकन अहवाल करून घ्यायला लावला. आमच्या मेहताजींनी, म्हणजे हिशोबनिसांनी, त्याला जोडून मालमत्तेचं रजिस्टर ठेवलं : प्रत्येक यंत्राचा नंबर, खरेदीची तारीख, बिल, आजची जागा. दुसऱ्या बँकेनं ते पाहिलं आणि सीएनसी आलं.

रजिस्टरवरून आठवलं. यंत्राच्या बिलापुरतंच थांबू नका. ट्रकभाडं, क्रेन, पाया, ट्रायल हे सगळं यंत्राच्या किमतीतच धरायचं. पोराला सीएनसी शिकवायला पाठवलंत तो खर्च मात्र धरायचा नाही. जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल तर त्या रकमेवर घसारा मागायचा नाही, दोन्हीकडून खाता येत नाही. बेडचं ग्राइंडिंग ही दुरुस्ती, त्याच वर्षीच्या खर्चात टाका. डिजिटल रीडआउट, म्हणजे माप आकड्यांत दाखवणारा पडदा, बसवलात तर यंत्राची ताकद वाढली, तो मालमत्तेत. आणि मार्चच्या शेवटी यंत्र आणण्याची घाई करणाऱ्यांनो, १८० दिवसांपेक्षा कमी वापरलं तर त्या वर्षी घसारा निम्माच मिळतो. वर्षातून एकदा रजिस्टर हातात घेऊन शेडमध्ये फिरा. आमच्या ओळखीच्या एका कारखान्यात भंगारात विकलेलं ड्रिल मशीन कितीतरी वर्षं ताळेबंदात नांदत होतं.

शेजारचा शेड पुढे बँकेनं सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकीत कर्जाचं तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, ताब्यात घेतला. लिलावाआधी माल दाखवला तेव्हा मीही गेलो. खोटं कशाला बोलू, थोडं बरं वाटलं. सीएनसीचा स्पिंडल, म्हणजे मुख्य फिरता दांडा, आवाज करत होता, ते नको म्हटलं. ग्रॅनाइटची सरफेस प्लेट, म्हणजे मापं तपासायची सपाट लादी, तेवढी चांगली होती. लिलावात ती आम्ही घेतली. आमच्या रजिस्टरला ती आम्ही मोजलेल्या पैशांनीच चढली, अधिक टेम्पोभाडं. नव्या यंत्राला मिळतो तो जादा घसारा, वस्तू जुनी म्हणून, नाही मिळाला. त्यांच्या पुस्तकात ती केवढ्याची होती हे विचारलं, तर बँकेच्या माणसानं खांदे उडवले आणि पावती पुढे केली.