नोव्हेंबरचे निकाल: धावफलक आणि पायाखालची जमीन

नोव्हेंबर २०२५ चे निकाल एकत्र लावून पाहिले की एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. कोण किती चांगलं खेळलं याच्या आधी, खेळ कसल्या जमिनीवर झाला हे विचारावं लागतं. कोकणात सुगी आटोपून मैदानं तयार करायची वेळही हीच, म्हणून या महिन्याचा आढावा जमिनीच्या बाजूने.

सुरुवात अर्थात नेरूळची, महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाची. डी. वाय. पाटील स्टेडियम तसं कोकणातच, आणि यंदा परतीच्या पावसाने ऑक्टोबर संपेपर्यंत आपल्याला जसं छळलं तसंच त्यालाही. २६ ऑक्टोबरचा भारत-बांगलादेश साखळी सामना पावसात वाहून गेला. त्याच सामन्यात ओल्या मैदानावर सीमारेषेजवळ चेंडू अडवताना प्रतिका रावलचा घोटा दुखावला आणि तिच्या जागी शफाली वर्मा संघात आली. ३० ऑक्टोबरला उपांत्य फेरीत ऑस्ट्रेलियाच्या ३३८ धावा जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ च्या बळावर पार झाल्या. २ नोव्हेंबरची अंतिम लढत दुपारी ३ ऐवजी संध्याकाळी ५ वाजता सुरू झाली, पण षटक एकही कापलं गेलं नाही.

दक्षिण आफ्रिकेने नाणेफेक जिंकून क्षेत्ररक्षण घेतलं. पाऊस पडून गेलाय, रात्री दव पडणार, ओला चेंडू फिरकीवाल्यांच्या बोटांतून निसटणार, असा हिशेब अशा रात्री कुठलाही कर्णधार करतो. तो चुकला. भारताच्या ७ बाद २९८ मध्ये शफालीच्या ७८ चेंडूंत ८७ धावा, दीप्ती शर्माच्या ५८. उत्तरात लॉरा वोल्वार्डने १०१ केल्या, तरी आफ्रिका २४६ वर आटोपली आणि भारत ५२ धावांनी जिंकला. दीप्तीने ३९ धावांत ५ बळी घेतले, तेही ऑफस्पिनवर. चेंडू साबणासारखा झाला असता तर हे जमलं नसतं. शफालीनेही २ बळी काढले. आधी फलंदाजी म्हणजे अर्धा सामना हरलो, असं रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धांत मानणाऱ्यांनी हा धावफलक जपून ठेवावा.

पुरुषांच्या कसोटीत जमिनीने उलटा हिसका दिला. ईडन गार्डन्सवर १४ नोव्हेंबरला सुरू झालेला सामना तिसऱ्या दिवशी संपला: आफ्रिका १५९ आणि १५३, भारत १८९ आणि ९३. लक्ष्य फक्त १२४ चं, तरी ३० धावांनी हार. शुभमन गिल मान आखडल्याने दुसऱ्या डावात उतरलाच नाही, हे खरं. पण भारताने चार फिरकीपटू घेतले आणि सामन्यात ५१ धावांत ८ बळी घेऊन गेला पाहुण्यांचा सायमन हार्मर. चेंडू पहिल्या दिवसापासून खालीवर राहिला की कौशल्यातलं अंतर कमी होतं; यजमानाचा चांगला फलंदाजही पाहुण्याच्या साध्या चेंडूवर बाद होतो. सबंध सामन्यात अर्धशतक एकच, टेम्बा बवुमाचं नाबाद ५५. खेळपट्टी आम्हाला हवी तशीच होती, असं भारताचे प्रशिक्षक गौतम गंभीर यांनी नंतर सांगितलं. मग तक्रारीला जागाच उरत नाही.

गुवाहाटीला पहिल्यांदाच कसोटी झाली. तिथे सूर्य लवकर मावळतो, म्हणून सामना सकाळी ९ ला सुरू करून आधी चहा आणि मग जेवण असा क्रम ठेवला होता. खेळपट्टी चांगली होती, आणि म्हणूनच पराभव जास्त बोचतो. आफ्रिकेच्या ४८९ मध्ये सेनुरन मुथुसामीच्या १०९ आणि मार्को यान्सनच्या ९३. मग यान्सनने ४८ धावांत ६ बळी घेऊन भारताला २०१ वर गुंडाळलं. ५४९ च्या लक्ष्यापुढे १४० सर्वबाद, ४०८ धावांनी हार. कसोटीत धावांच्या फरकाने भारताचा हा सर्वांत मोठा पराभव. या वेळी खेळपट्टीकडे बोट दाखवायची सोय नव्हती.

बाकीचं भराभर. फुटबॉलमध्ये १८ तारखेला ढाक्यात आशिया चषक पात्रतेत बांगलादेशकडून ०-१ हार, २२ वर्षांनी. बॅडमिंटनमध्ये लक्ष्य सेनने २३ तारखेला ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. अंतिम सामन्यात युशी तानाकावर २१-१५, २१-११.

शेजारच्या गोव्यात महिनाभर बुद्धिबळाचा विश्वचषक चालला, २०६ खेळाडूंचा. पद्धत समजून घेतली तरच निकाल कळतात. प्रत्येक फेरीत दोन पारंपरिक डाव. बरोबरी झाली तर प्रत्येकी १५ मिनिटांचे दोन जलद डाव, मग १० मिनिटांचे दोन, मग त्याहून छोटे. त्यामुळे महिनाभर एकही डाव न हरलेला खेळाडू शेवटच्या अर्ध्या तासात बाहेर पडू शकतो. विश्वविजेता गुकेश तिसऱ्या फेरीत बाहेर पडला, नागपूरची दिव्या देशमुख पहिल्याच फेरीत, अर्जुन एरिगैसी उपांत्यपूर्व फेरीत. जिंकला उझबेकिस्तानचा १९ वर्षांचा जावोखिर सिंदारोव, चीनच्या वेई यीवर टायब्रेकनंतर एकूण २.५-१.५ असा.

दृष्टिहीन महिलांचा पहिला टी-ट्वेंटी विश्वचषक भारताने कोलंबोत २३ तारखेला जिंकला. नेपाळच्या ५ बाद ११४ धावा ७ गडी राखून १२.१ षटकांत पार. हा खेळ कोकणातल्या वाचकाला लगेच कळेल, कारण गोलंदाजी आपल्या गावच्या स्पर्धांसारखी अंडरआर्म, म्हणजे हात खालून फिरवून, असते. चेंडू प्लॅस्टिकचा, आत छर्रे, आवाजावर खेळायचं. अकरांत किमान ४ खेळाडू पूर्ण अंध लागतात आणि त्यांनी काढलेली धाव दुप्पट मोजली जाते. त्यामुळे संघनिवडीचं गणितच वेगळं होतं.

आता कबड्डी. प्रो कबड्डीचा शेवट महिन्याच्या उंबरठ्यावर, ३१ ऑक्टोबरला झाला: दबंग दिल्ली ३१, पुणेरी पलटण २८. २४ नोव्हेंबरला ढाक्यात भारताच्या महिलांनी विश्वचषक राखला. उपांत्य फेरीत इराणवर ३३-२१, अंतिम फेरीत चायनीज तैपेईवर ३५-२८. संघात आपली सोनाली शिंगटे होती. सात गुणांचा फरक दिसतो मोठा. प्रत्यक्षात एक लोण आणि प्रत्येकी २ गुणांच्या दोन अव्वल पकडी एवढाच तो असू शकतो. लोण म्हणजे समोरचा अख्खा संघ बाद; शेवटच्या गड्याच्या गुणावर जादा २ गुण मिळतातच, शिवाय समोरचे सातही जण परत आत येतात. बोनस, म्हणजे बोनस रेषा ओलांडल्याचा गुण, मिळायला बचावात किमान ६ जण हवेत, अव्वल पकडीला ३ किंवा कमी. तीन जण उरलेल्या संघावर घाईने चढाई करणारा कितीदा तरी स्वतःच २ गुण देऊन बसतो. अशा वेळी पहिल्या दोन चढाया रिकाम्या जाऊ द्याव्यात, पण तिसरी करो या मरो ठरते, गुण नाही आणला तर चढाईपटूच बाद, म्हणून त्या तिसरीला ताजा चढाईपटू राखून ठेवावा.

गावोगावची मैदानं आता आखली जातील, म्हणून मापं. पुरुषांचं मैदान १३ बाय १० मीटर, महिलांचं १२ बाय ८; दोन्ही बाजूंच्या एकेक मीटरच्या राखीव पट्ट्या त्यातच धरलेल्या. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईपटूने ओलांडायची ती) पुरुषांना ३.७५ मीटरवर, महिलांना ३ मीटरवर, आणि तिच्यापुढे १ मीटरवर बोनस रेषा. चौकोन तिरका गेलाय का ते कर्ण मोजून कळतं: पुरुषांच्या मैदानाचा १६.४० मीटर, महिलांच्या १४.४२. दोन कर्णांत चार बोटांचा जरी फरक आला तरी खुंट्या उपटून पुन्हा ठोका. रेषा ३ ते ५ सेंटीमीटर रुंद, आणि त्या मैदानाचाच भाग असतात. आखायला फक्की वापरा. चुना घामाने ओल्या गुडघ्यावर आणि डोळ्यांत जाळतो.

मातीचं काम आठ-दहा दिवस आधी सुरू करावं लागतं. अर्धा फूट उकरून जांभ्याचे खडे वेचून काढायचे, माती चाळायची, भिजवायची आणि वाफसा आल्यावरच रोलर फिरवायचा. चिखलावर रोलर फिरवला तर वर पापुद्रा धरतो आणि पहिल्याच घसरणीत उचकटतो. नुसती डोंगरची तांबडी माती वाळून कडक होते आणि ढोपरं सोलते. नुसती भातखाचराची भेगाळते. दोन्ही मिसळून थोडी नदीची वाळू घाला, खाडीची नको. खाडीच्या वाळूतलं मीठ रात्रीच्या हवेतली ओल ओढतं आणि मध्यरात्रीच्या सामन्यात पाय सटकतात. पाणी सामन्याच्या तीन-चार तास आधी शिंपडायचं. संघ आत येत असताना पाईप धरणारा कार्यकर्ता प्रत्येक स्पर्धेत एक तरी असतोच.

महाविद्यालयीन खेळाडूंची अडचण इथूनच सुरू होते. आंतरविद्यापीठ स्पर्धा मॅटवर. खेलो इंडिया विद्यापीठ क्रीडा स्पर्धा २४ नोव्हेंबर ते ५ डिसेंबर २०२५ या काळात राजस्थानात झाल्या, तिथेही मॅटच. रत्नागिरी-सिंधुदुर्गातला मुलगा वर्षभर अनवाणी मातीवर खेळतो. मातीवर वळताना पाय थोडा घसरतो आणि गुडघा वाचतो. मॅटवर बूट जागीच चिकटतो, वरचं शरीर वळतं आणि सगळा पीळ गुडघ्याला बसतो. म्हणून निवड चाचणीच्या किमान तीन आठवडे आधी मॅटवर सराव हवा: पहिला आठवडा फक्त पायांच्या हालचाली आणि थांबणं, दुसऱ्यात चढाई, पकडी तिसऱ्यात. बूट सपाट रबरी तळाचे घ्यावेत. धावण्याचे जाड तळाचे बूट घोट्याच्या पकडीत कलंडतात.

मॅट १ मीटर बाय १ मीटरच्या तुकड्यांची असते. पुरुषांच्या मैदानाला १३० तुकडे लागतात, बाहेर घसरणाऱ्यांसाठीचे वेगळे. खालची जमीन सपाट नसेल तर सांधे उघडतात आणि त्यात अंगठा अडकतो. उघड्यावर मॅट टाकली असेल तर संध्याकाळपासून ताडपत्रीने झाकून ठेवा आणि दर विश्रांतीला कोरड्या फडक्याने पुसा. ओलं फडकं फिरवलं की दव आणि घाम सगळीकडे सारखा पसरतो, एवढंच होतं.