व्हिटियर बुलेव्हार्डवरची संध्याकाळ

आज ईस्ट लॉस एंजेलिसमध्ये व्हिटियर बुलेव्हार्डवर तासभर नुसती उभी होते. समोरून १९६४ ची शेवरोले इम्पाला आली, लोरायडर, म्हणजे मुद्दाम खाली उतरवून रस्त्यावर हळूहळू मिरवायची गाडी; इथल्या मेक्सिकन वस्तीची ही जुनी हौस. डाळिंबी रंग, जमिनीला टेकेल इतकी खाली आणि चाल अगदी रमतगमत.

१९५८ मध्ये कॅलिफोर्नियाने इतक्या खाली उतरवलेल्या गाड्यांवर बंदी घातली. मग १९५९ ला रॉन अगिरे यांनी आपल्या गाडीला हायड्रॉलिक पंप बसवले. बटण दाबलं की गाडी वर, कायद्यात चोख! ती बंदी उठायला २०२४ उजाडलं. मेक्सिकन वस्तीतल्या पोरांना आपल्याच रस्त्यावर हळू गाडी चालवली म्हणून पोलीस अडवायचे, याचा मला खरंच राग येतो.

इम्पाला आजोबा चालवत होते, मागे नात बसली होती. तिने हात केला. मीही केला, दोन्ही हातांनी.