दहा बाय अकराच्या खोलीत स्पीकर घेताना

फोंड्याला आमची गाणं ऐकायची खोली दहा बाय अकराची, चिऱ्याच्या भिंती, खाली लादी, आणि असल्या खोलीत जमिनीवर उभे राहणारे मोठे टॉवर स्पीकर आणू नका हे मी सगळ्यांना सांगतो कारण दहा फुटांवरच्या समोरासमोरच्या भिंतींमध्ये साधारण 56 हर्ट्झचा आवाज अडकतो नि तबल्याचा डग्गा नुसता घुमत राहतो, त्यावर तळहात घासून काढलेला घिस्सा कळतच नाही. पाच-साडेपाच इंची वूफरचे (खर्जाचा आवाज काढणारा भाग) बुकशेल्फ, म्हणजे छोटे स्पीकर, भरपूर झाले, शक्यतो बंद डब्याचे, म्हणजे हवेसाठी भोक नसलेले.

वॉटच्या मागे तर लागूच नका. वॉट दुप्पट केले तरी आवाज वाढतो 3 डेसिबलच, त्यामुळे 86 डेसिबल सेन्सिटिव्हिटीच्या (एका वॉटला एक मीटरवर किती आवाज) स्पीकरला 30-40 चांगले वॉट पुरतात, फक्त स्पीकर 4 ओहमचा, म्हणजे जास्त करंट ओढणारा, असेल तर अँप्लिफायरला तो झेपतो का ते बघा.

आणि आपला पावसाळा! दमट हवेत स्पीकरच्या पडद्याभोवतीची फोमची कड काही वर्षांत भुगा होते, रबराचीच घ्या.

दुकानात जाताना गायक जितेंद्र अभिषेकीबुवांचं एखादं रेकॉर्डिंग घेऊन जा (मंगेशीचे ते, आपलेच), तानपुऱ्याच्या तारा गाण्यामागे सुट्या ऐकू येतात का बघा, शांतपणे, विकणाऱ्याला घाई असली तरी. घरी ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा भाग) कानाच्या उंचीला, स्पीकर भिंतीपासून हातभर पुढे, आणि लादीवर जाजम हवंच.