आमची वाटचाल : वखारीपासून वर्गखोलीपर्यंत

माझे वडील ठाण्यातल्या एका लाकडाच्या वखारीत मोजणीला होते. ट्रकमधून उतरलेल्या ओंडक्याला टेप लावायची, घनफूट काढायचे आणि ओंडक्याच्या तोंडावर खडूने आकडा घालायचा, हे त्यांचं काम. शाळा सुटली की मी तिथेच बसून गृहपाठ करायचे. "लाकूड घेताना आधी तोंड बघायचं," असं ते नेहमी सांगत. चिरा किती, बाहेरचा पांढरा भाग किती, आतला पिकलेला किती, सगळं तिथे कळतं. वखारीच्या जागी आता टॉवर उभा आहे. ती सवय मात्र राहिली.

२००९ मध्ये मी रबाळ्याच्या एमआयडीसीत गाळा भाड्याने घेतला. दोन सुतार, एक कटिंग मशीन आणि घणसोली-ऐरोली-खारघरच्या नव्या इमारतींतली मॉड्युलर किचनची कामं. दहा-अकरा वर्षं तेच केलं. त्या कामाने एक शिस्त लावली : माप एकदा पक्कं झालं की सगळं गाळ्यात बनवायचं, जागेवर फक्त जोडायचं. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये ऑर्डरी थांबल्या. त्याच वर्षी केंद्र सरकारने सार्वजनिक बांधकामात लाकूड वापरण्यावरची १९९३ पासूनची बंदी उठवली. बातमी वाचून आमचे थोरले मिस्त्री, जे मूळ राजापूरचे, एवढंच म्हणाले, "ताई, म्हणजे पुन्हा लाकडाचं घर बांधता येईल तर!"

काम आलं ते मात्र अचानक. घोडबंदर रोडच्या आतल्या बाजूला, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी एक छोटी प्राथमिक शाळा आहे. तिथे कपाटांची मापं घ्यायला गेले होते. जुलै महिना. दुसरीचा वर्ग पत्र्याच्या शेडमध्ये भरला होता. सर आली आणि पत्र्यावर असा काही ताशा सुरू झाला की बाईंचे ओठ हलताना दिसत होते, शब्द ऐकू येत नव्हता. मागच्या रांगेतली मुलं उठून पुढे सरकली, मग तीही गप्प बसली. बाईंनी पुस्तक मिटलं आणि फळ्यावर लिहायला घेतलं. सर ओसरल्यावर मी विचारलं, "बाई, असं रोज होतं?" त्या म्हणाल्या, "जुलैत रोजच. मे महिन्यात शाळा नसते म्हणून बरं, नाहीतर उन्हानेही बसता आलं नसतं."

घरी येताना कपाटांचा विचार मागे पडला होता.

संस्थेची जमीन भाडेपट्ट्याची. पक्क्या बांधकामात पैसे घालायला विश्वस्त तयार नव्हते, आणि शाळेच्या गल्लीत क्रेन सोडाच, मोठा ट्रकही वळत नव्हता. वर्ग हवा होता तीस मुलांचा. शिक्षण हक्क कायद्यात प्राथमिकला एका शिक्षकामागे तीसच मुलं धरली आहेत. या सगळ्यातून २० बाय २४ फुटांची लाकडी खोली ठरली. भिंतीचे गाळ्यात बनवलेले चार फूट रुंद तुकडे, म्हणजे पॅनल, भोवती बावीस. प्रत्येक पॅनल चार माणसांनी उचलावा एवढ्याच वजनाचा. उद्या जागा सोडावी लागली तर खोली उकलून टेम्पोत भरता यावी, हे मी पहिल्याच बैठकीत कबूल केलं.

चार फूटच का, असं बरेच जण विचारतात. प्लायवूडची शीट चार बाय आठची येते हे एक कारण. खरं कारण लाकडात आहे. जंगल तोडून आणलेलं लाकूड मला या कामात नको होतं. वनविकास महामंडळाच्या लागवडीत झाडांची विरळणी होते, तेव्हा बारीक, कमी लांबीचं सागवान निघतं. फर्निचरवाले त्याला नाक मुरडतात, कारण लांब फळी निघत नाही. चार आणि आठ फुटांच्या चौकटीला तेवढं पुरतं. दारं-खिडक्यांच्या चौकटींना ठाण्यातल्या पाडलेल्या जुन्या वाड्यांचं सागवान घेतलं. त्यातले खिळे काढायला दोन पोरं आठवडाभर बसली होती. पण ते लाकूड इतकं वाळलेलं की रंधा मारल्यावर वास घमघमायचा.

छपरावर सगळ्यात जास्त वेळ गेला. वर पत्राच आहे, कारण आमच्या पावसाला त्याच्यासारखं दुसरं काही नाही. पण पत्र्याखाली चार इंचांची मोकळी हवा खेळती ठेवली, त्याखाली प्लाय, मग काथ्याची जाड गादी आणि शेवटी आतलं छत. गाळ्यात एक नमुना बनवून त्यावर पाण्याचा पाइप सोडला आणि खाली उभं राहून मिस्त्रींनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचलं. शब्द न् शब्द कळला, तेव्हाच छप्पर नक्की केलं.

लाकडाची इमारत हलकी असते, म्हणून लोकांना वाटतं ती सोपी. वादळात उलटी काळजी असते : छप्पर खाली पडेल ही नाही, वर उडेल ही. मुंबई-ठाण्यासाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात, म्हणजे ताशी जवळपास १५८ किलोमीटर. २०२१ च्या मे महिन्यातलं तौक्ते वादळ सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतं. आमच्या इंजिनिअर मॅडमनी छपराला आधार देणाऱ्या प्रत्येक तिकोनी कैचीपासून जोत्यापर्यंत लोखंडी सळईचा ताण दिला. आगीचंही विश्वस्तांनी विचारलं. जाड लाकूड वरून कोळसत जातं, मिनिटाला साधारण अर्धा ते पाऊण मिलिमीटर, आणि तो कोळशाचा थर आतल्या लाकडाला राखतो. तरीही दोन दारं ठेवली, दोन्ही बाहेर उघडणारी.

वाळवीसाठी आतल्या चौकटींना बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडची प्रक्रिया केली. ती पावसात धुऊन जाते, म्हणून बाहेर फक्त पिकलेलं सागवान. आर्सेनिक असलेली प्रक्रिया जास्त टिकते, हे मला माहीत आहे. अमेरिकेतल्या उत्पादकांनी २००३ अखेर ती घरगुती लाकडासाठी थांबवली. मुलं ज्या भिंतीला पाठ टेकून बसणार, तिथे मला ती नकोच होती.

मे महिन्यात रात्री अकरानंतर टेम्पो निघायचे, ठाणे-बेलापूर रस्त्याने कळवा, माजिवडा, पुढे घोडबंदर. एकोणीस दिवसांत खोली उभी राहिली आणि १५ जूनला वर्ग भरला. खर्च पत्र्याच्या शेडच्या दीडपटीहून जास्त आला. फायदा आम्हाला शून्य, तेही आधीच्या किचनच्या कामांवर भागवलं.

पहिला पावसाळा छान गेला. दुसऱ्या ऑगस्टमध्ये शाळेच्या शिपाईकाकांनी फोन केला, "ताई, नैर्ऋत्येच्या भिंतीला खाली काळं दिसतंय." मी गेले, पॅनलच्या खालच्या कोपऱ्याला पेचकस लावला. लाकूड कडक लागायला हवं होतं. पेचकस अर्धा इंच आत गेला आणि भुसा ओला निघाला. सहा पॅनलचं तसंच.

पॅनल खालच्या आडव्या पट्टीवर बसतो तिथे आम्ही आतून-बाहेरून सिलिकॉन भरलं होतं, पाणी जाऊ नये म्हणून. वरच्या सांध्यातून थोडं पाणी उतरलंच, आणि खाली ते नेमकं उभ्या लाकडांच्या तोंडाशी साचलं. मिस्त्री शांतपणे म्हणाले, "ताई, पाण्याची आत यायची वाट बंद केली, तशी बाहेर जायचीही केली." ज्या तोंडाकडे आधी बघायला वडिलांनी शिकवलं, तेच मी झाकून टाकलं होतं. त्या रात्री झोप आली नाही.

दुसऱ्याच रविवारी आठ माणसं घेऊन गेलो. पॅनलमागे आठ बोल्ट. तीन पॅनल काढले, रिकाम्या जागी ताडपत्री आणि प्लाय ठोकला, सोमवारी वर्ग भरला. पुढच्या रविवारी ते बसवून उरलेले तीन काढले. खालचा एक फूट कापून नवीन जोडला, तोंडाला पाणी शिरू न देणाऱ्या एपॉक्सीचे तीन हात दिले, खालच्या पट्टीला बाहेरचा उतार दिला आणि मध्ये दोन सुताची, म्हणजे पाव इंचाची, फट मोकळी सोडली. सगळा खर्च आमचा. भिंत विटांची असती तर तो वर्ग महिनाभर बंद ठेवावा लागला असता, असं मला वाटतं.

आता त्या शाळेत आमच्या तीन खोल्या आहेत आणि तुर्भ्याच्या एका शाळेसाठी चौथ्या खोलीच्या चौकटी गाळ्यात लागल्या आहेत. प्रत्येक पॅनलची खालची एक फुटाची पट्टी आम्ही आता वेगळीच करतो, चार बोल्टची. बोल्टला लागणारा पाना दारामागे खिळ्याला टांगलेला असतो.

गेल्या ऑक्टोबरमध्ये पाऊस सरल्यावर शिपाईकाकांचा फोन आला. मी म्हटलं, "काय झालं काका?" ते म्हणाले, "काही नाही ताई, सुट्टी होती म्हणून खालच्या पट्ट्या काढून बघितल्या. कोरड्या आहेत. परत लावल्या."