गळ्यातलं बटण

आमच्या धंद्यात गुरुवार वाईट. पुण्यात वीजदुरुस्तीचं शटडाऊन बहुतेक गुरुवारी असतं, आणि ज्याला रस्ता खोदायचाय त्यालाही नेमका गुरुवारच सापडतो. मी कोथरूड-कर्वेनगर भागात फायबर, म्हणजे इंटरनेटची काचेच्या धाग्यांची केबल जोडतो. टी-शर्टवर नाव कंपनीचं, पगार ठेकेदाराचा. मागच्या जुलैत एका गुरुवारी सकाळी नऊच्या सुमाराला जेसीबीने आमची 48 कोअरची, म्हणजे 48 धाग्यांची केबल ओढली. केबल त्याच दुपारी जोडून झाली. बाकीचं अजून डोक्यात फिरतंय.

जेसीबीने केबल तोडली असं लोक म्हणतात. नुसती तोडली असती तर देव पावला. जेसीबी केबल बकेटच्या दातात धरून हिसका मारतो. वरचं काळं आवरण एका जागी तुटलेलं दिसतं, आतली काच मात्र पुढच्या चेंबरमध्ये, जॉइंट बॉक्सच्या तोंडाशी तुटलेली असते. नवशिका जॉइंटर दिसणारी जागा जोडतो, माती लोटतो, आणि मग पलीकडे प्रकाश का येत नाही म्हणून डोकं धरून बसतो. म्हणून आधी दोन्ही बाजूंनी ओटीडीआर लावायचा. हे यंत्र काचेत प्रकाशाचा ठोका सोडतं आणि तो किती वेळात परत येतो त्यावरून तुटलेल्या जागेचं अंतर काढतं. काचेत प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो, त्यामुळे गणित सोपं. पण यंत्राला कळतं ते काचेचं अंतर, रस्त्याचं नाही. प्रत्येक चेंबरमध्ये केबलची वेटोळी सोडलेली असतात. ती कुठे किती सोडली ते केबल टाकणाऱ्यालाच ठाऊक. ऑफिसातला नकाशा त्या बाबतीत निव्वळ कविता आहे.

त्या दिवशी तेच होतं. एक तूट खड्ड्यात, आणि पाच-सहा कोअर पुढच्या चेंबरमध्ये तुटलेल्या.

जेसीबीवाल्याला मी विचारलं, खोदायच्या आधी विचारायचं ॲप असतं, माहितीये का? 22 मार्च 2023 ला दिल्लीत एकाच कार्यक्रमात दोन गोष्टी बाहेर आल्या होत्या. एक म्हणजे देशाचा 6जीचा आराखडा, 2030 वर डोळा ठेवून केलेला. दुसरी, ‘कॉल बिफोर यू डिग’ हे ॲप. जमिनीखाली कोणाच्या केबली आहेत ते खोदण्याआधी कळवा, एवढंच त्याचं काम. जेसीबीवाला म्हणाला, “मला साहेबांनी चुन्याची रेघ मारून दिलीये, मी रेघेवर चालतो.” त्याच्याशी काय भांडणार? रेघ मारणारे साहेब जागेवर नव्हतेच.

पाऊस भुरभुरत होता. माझ्याबरोबरच्या गणेशने मोठी छत्री धरली, मी खड्ड्याच्या कडेला स्टुलावर स्प्लायसिंग मशीन मांडलं. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी, पांढरी… एका ट्यूबमध्ये बारा रंग, अशा चार ट्यूब. प्रत्येक धाग्याचं कोटिंग सोलायचं, अल्कोहोलने पुसायचं, क्लीव्हरमध्ये धरून काटकोनात कापायचं. सोललेली काच 125 मायक्रॉनची, आणि प्रकाश जातो तो तिच्या पोटातल्या 9 मायक्रॉनमधून. मशीनच्या पडद्यावर दोन टोकं समोरासमोर येतात, ठिणगी पडते, दोन्ही काचा वितळून एक होतात. खाली जोडात किती प्रकाश वाया जातो त्याचा आकडा येतो: 0.02 डीबी. तो आकडा आला की मला अजूनही बरं वाटतं. पावसात, छत्रीखाली, शेजारून बस जात असताना 0.02 काढणं हे काम आहे महाराजा. ते एसीत बसून तक्रारींची तिकिटं बंद करणाऱ्यांना सांगून कळायचं नाही.

क्रम मात्र माझ्या हातात नसतो. आधी लीज्ड लाइनवाले, म्हणजे बँका आणि आयटी कंपन्या. त्यांच्या करारात लाइन बंद राहिली तर दंड आहे. मग मोबाइलचे टॉवर. घरगुती गिऱ्हाइकं शेवटी. एका कोअरवर प्रकाश वाटून देणारा स्प्लिटर लावून तीसेक घरं चालतात, आणि त्या तीस घरांत कोण राहतं ते यादीत नसतं. यादीत फक्त ‘रेसिडेन्शियल’.

अकराच्या सुमाराला न्यू जर्सीहून फोन आला. तिकडे रात्रीचे दीड वाजलेले. एका आजींची मुलगी. मी दीड वर्षापूर्वी त्यांच्या घरी कनेक्शन दिलं होतं, तेव्हापासून नंबर तिच्याकडे होता. “दादा, आईकडचं सगळं ऑफलाइन दाखवतंय. मोबाइल लागत नाही. शेजारचे गावाला गेलेत. तुम्ही जवळपास आहात का?”

‘सगळं’ म्हणजे काय ते मला पाठ होतं, कारण वाय-फायला मीच जोडून दिलं होतं. हॉलमध्ये कॅमेरा. गोळ्यांच्या वेळा सांगणारा स्पीकर. प्रत्येक खोलीत हालचाल टिपणारा सेन्सर. दाराला आकडे दाबून उघडायचं कुलूप. आणि आजींच्या गळ्यात एक बटण, पडल्या तर दाबायचं, की मुलीच्या फोनवर घंटा वाजते. मोबाइलचीही तीच गत. जुनी दगडी बांधणीची इमारत, तळमजला, आत रेंज येत नाही, म्हणून मोबाइलही वाय-फायवरूनच बोलायचा. एका काचेच्या धाग्यावर म्हातारीचा सगळा आधार टांगलेला, आणि तो धागा आमच्या खड्ड्यात तुटलेला.

गणेशला गाडीवर पिटाळलं. तो वीस मिनिटांत परत. “बेल दाबली, दार वाजवलं, कोणी उघडत नाही.” बेल कुठून वाजणार? दहापासून शटडाऊन होतं. दार वाजवलं ते कसं, तर यानं बोटानं टकटक केली असणार. आजींना कमी ऐकू येतं.

सुपरवायझरचा फोन चालूच होता: बँकेची लाइन कधी? बँकेची कोअर झाली होती, दुसऱ्या एका कंपनीची राहिली होती. मी मशीन झाकलं, गणेशला म्हटलं छत्री सोडू नकोस, आणि निघालो. सुपरवायझरला काय सांगितलं ते लिहीत नाही. त्याच्या जागी मी असतो तर मीही ओरडलो असतो, पण इतका वेळ नाही.

मुलीने फोनवर कुलपाचे आकडे सांगितले. परक्याच्या घरात असं एकट्याने शिरायचं नाही, हे या धंद्यात पहिलं शिकतात. वरच्या मजल्यावरच्या काकूंना खाली बोलावलं. मुलीला म्हटलं, “ताई, पाच मिनिटांत करतो,” आणि फोन ठेवून दार उघडलं.

आजी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी जमिनीवर बसल्या होत्या, पाठ भिंतीला टेकलेली, एक पाय लांब केलेला. शुद्धीवर, अगदी नीट. गुडघा सुजला होता. हातात ते बटण. आमच्यासमोर त्यांनी ते पुन्हा दाबून दाखवलं: कडेचा ठिपका पिवळा होतो, फिरत राहतो, मग लाल होऊन विझतो. “हे बघ. सकाळपासून असंच करतंय.” आवाजात राग नव्हता, तक्रार होती. मिक्सर बिघडला तर करतात तशी.

काकूंनी आणि मी धरून त्यांना खुर्चीत बसवलं. काकूंनी बर्फ शोधला, मी पाणी दिलं. मग माझा फोन वाजला. आजींनी नाव बघितलं आणि म्हणाल्या, “दे इकडे.” मी दिला. माझ्या फोनचा टॉवर आमच्या तुटलेल्या केबलवरचा नव्हता, म्हणून खिडकीपाशी निदान दोन दांड्या होत्या.

“अगं काही नाही, झोपले होते मी,” आजी म्हणाल्या. “रात्री झोप नव्हती. हो हो, जेवते आता. तू झोप बघू.”

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी काकूंकडे. मग मुलगी म्हणाली दादांना द्या. “दादा, सगळं ठीक आहे ना?” समोर आजी, डोळे माझ्यावर. मी म्हणालो, “समोरच बसल्यात ताई, बोलतायत व्यवस्थित. तुमच्या इथल्या डॉक्टरांना एकदा येऊन जायला सांगा, बीपी वगैरे बघून घेऊ देत.” त्यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं.

फोन ठेवल्यावर आजी म्हणाल्या, “तिला कळलं तर ती अजून एक यंत्र बसवेल. नाही तर मला तिकडे नेईल. दोन्ही नको.”

खड्ड्यावर परत आलो. दोनपर्यंत सगळ्या कोअर झाल्या. नियंत्रण कक्षात पोर्ट हिरवं झालं, तिकीट आपोआप बंद झालं, आणि मुलीला मेसेज गेला: आपली सेवा पूर्ववत झाली आहे. तिच्या ॲपवर मात्र सगळं ऑफलाइनच. कारण आजींच्या घरात अजून वीजच नव्हती. भिंतीवरच्या डब्यापर्यंत, म्हणजे फायबरच्या मोडेमपर्यंत, प्रकाश उत्तम पोचत असणार, पण डबा चालतो 12 व्होल्टच्या अडॅप्टरवर. खरं तर वीज गेली की बंद पडताना हा डबा एक शेवटचा निरोप पाठवतो, माझी वीज गेली म्हणून. आमच्यात त्याला डाइंग गॅस्प म्हणतात. इथे वीज जायच्या आधीच काच तुटलेली, त्यामुळे तोही गेला नव्हता. कॉल सेंटरच्या मुलाला हे समजावताना मला घाम फुटला. तो वाचून दाखवत राहिला: “सर, आमच्याकडून लाइन ओके आहे.”

तांब्याच्या लाइनवर मी हेल्पर म्हणून सुरुवात केली, म्हणून हे जास्त टोचतं. तांब्याचा फोन वीज स्वतःबरोबर घेऊन यायचा. एक्स्चेंजच्या तळघरात बॅटऱ्यांची रांग असायची, तिथून 48 व्होल्ट त्याच दोन तारांवरून घरात. पेठेत दिवसभर लाइट नसली तरी फोन चालू. आजींच्या घरात कुलपाला बॅटरी होती, सेन्सरला होती, गळ्यातल्या बटणाला होती. ज्याच्यावर हे सगळं अवलंबून त्या डब्यालाच नव्हती. डब्याचा छोटा यूपीएस दोन हजारांच्या आत येतो. कनेक्शन देताना तो किटमध्ये का नसतो, हे मी मीटिंगमध्ये विचारलंय. उत्तर आलं, कस्टमरने मागितलं तर सांगा. कस्टमरला कसं कळणार मागायचं?

नंतर वाचलं, ब्रिटनमध्ये हाच घोळ देशाच्या पातळीवर झालाय. तिथे तांब्याचे फोन डिसेंबर 2025 पर्यंत बंद करायचे होते. पण लाखो म्हातारी माणसं गळ्यात असली बटणं घालून आहेत, ती नव्या लाइनवर नीट चालेनात, तेव्हा मुदत जानेवारी 2027 वर ढकलली. वीज गेल्यावर अडचणीतल्या गिऱ्हाइकाला निदान तासभर तातडीचा फोन करता आला पाहिजे, अशी तिथल्या नियामकाची अपेक्षा आहे. तासभर. आमचं गुरुवारचं शटडाऊन तासात संपलेलं मी पाहिलेलं नाही.

त्या दिवशी वीज साडेपाचला आली. सहाला मुलीचा मेसेज.

“दादा, 9:52 पासून 11:40 पर्यंत आईने बटण दाबल्याचं आता दिसतंय. कितीतरी वेळा. तुम्ही म्हणालात ठीक आहे.”

बटणाने सगळं साठवून ठेवलं होतं. नेट आल्याबरोबर वेळेसकट ओकलं. हाक पोचवायची तेव्हा पोचवली नाही, चहाडी मात्र मिनिटाचीही चूक न करता केली. मी बराच वेळ काही लिहिलं नाही. मग गुडघ्याचं लिहिलं, डॉक्टर येऊन गेल्याचं लिहिलं, आणि आजींशी तुम्हीच बोला असं लिहिलं. उत्तर नाही आलं. काकूंकडून कळलं, त्या रात्री मायलेकींचं जोरात वाजलं.

गणेश म्हणतो, तू सांगायलाच हवं होतंस, उद्या काही झालं असतं तर? बायको म्हणते, म्हातारीचा जीव, म्हातारीची मर्जी, तू तार जोडणारा, तुला काय करायचंय? दोघांचं ऐकलं की दोघांचं पटतं.

महिन्याभराने मुलीचाच फोन आला, आवाज नेहमीसारखा. नवीन वस्तू पाठवली आहे, बसवून द्याल का? सोबत डब्याचा यूपीएसही मागवला होता, तो मी आधी लावला. वस्तू म्हणजे छताला लावायचा पांढरा गोळा, आत 60 गिगाहर्ट्झचा रडार. कॅमेरा नाही, चित्र नाही. माणूस उभा आहे, बसलाय की पडलाय, एवढं लहरींवरून ओळखतो, म्हणून बाथरूममध्येही चालतो. पुढे याला वेगळी वस्तूही लागायची नाही म्हणे. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने 2023 मध्ये 6जीचा जो आराखडा मान्य केला त्यात संदेश नेणं आणि आजूबाजूची चाहूल घेणं ही दोन्ही कामं एकाच जाळ्याने करायचं ठरलंय. म्हणजे काही वर्षांनी टॉवरलाच कळेल कोण कुठे पडलं. ते बसवायला मला कोणी बोलावणार नाही, आणि काढायलाही.

मी शिडीवर होतो, आजी खाली काठी धरून उभ्या.

“याला बटण कुठंय?”

“याला बटण नाही आजी. तुम्हाला काही करावं लागत नाही.”

“ते कळलं रे. बंद करायचं बटण.”

“तेही नाही. बंद करायचं तर प्लग काढावा लागतो. तो बघा, दाराच्या वर.”

आजींनी प्लगकडे बघितलं, मग स्वतःच्या हाताकडे. पोचत नव्हता. “आणि काढला तर?”

“ताईंना ऑफलाइन दिसेल. मग त्या मला फोन करतील.”

“तुलाच ना?” आजी म्हणाल्या. “मग ठीक आहे. वायर थोडी लांब सोड, प्लग खालच्या बोर्डात घे.”

वायर पुरेशी लांब होती. मी प्लग खालच्या बोर्डात घेतला.